रोमचे चार पास्ते: चीज का फाटतं आणि सॉस मिळून कसा येतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी काचो ए पेपे केला की चीजचा रबरासारखा गोळा होतो आणि खाली पाणी राहतं. कार्बोनारा केला की अंड्याची भुर्जी होते. क्रीम घातलं की सगळं नीट जमतं, पण रोममध्ये क्रीम घालत नाहीत असं वाचलं. मग तिथं सॉस धरतो कसा? आणि नुसता चीज-मिरीचा पास्ता हे जेवण कसं होतं?

आधी एका ओळीत उत्तर देतो. सॉस धरतो तो पास्ता शिजलेल्या पाण्यातल्या पिष्टामुळे, म्हणजे स्टार्चमुळे, आणि फाटतो तो जास्त उष्णतेमुळे. चीजचा दर्जा, मिरीची जात, पास्त्याचा आकार या सगळ्याचा नंबर नंतर लागतो. ही दोन सूत्रं हाताला बसली की चारही पास्ते येतात, कारण मुळात ते एकाच कुटुंबातले आहेत. पेकोरिनो चीज आणि काळी मिरी म्हणजे काचो ए पेपे. त्यात ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचं मुरवलेलं मांस, घातलं की ग्रिचा. ग्रिचात अंडं घातलं की कार्बोनारा, आणि अंड्याऐवजी टोमॅटो घातला की अमात्रिचाना. ही मांडणी इतिहासाचा क्रम म्हणून नव्हे, शिकायचा क्रम म्हणून घ्या.

मराठी घरात ही गोष्ट समजावायला कढीइतकं चांगलं उदाहरण नाही. नुसतं ताक चुलीवर ठेवून उकळलं तर चोथापाणी होतं. त्यालाच बेसन लावलं आणि मंद आचेवर ढवळत राहिलं की कढी एकजीव राहते. तापल्यावर दुधातली प्रथिनं एकमेकांना चिकटायला धावतात, आणि बेसनातलं पिष्ट मध्ये शिरून त्यांना वेगळं ठेवतं. काचो ए पेपेत हेच घडतं. ताकाच्या जागी पेकोरिनो, बेसनाच्या जागी पास्त्याचं पाणी. आणि कढी जशी बेसन लावूनही खळखळून उकळली तर फुटते, तसाच हाही सॉस फुटतो.

आता पाण्याकडे येऊ, कारण बहुतेक घरांत चूक तिथेच सुरू होते. पास्ता शिजवायचं इटलीतलं सर्वसाधारण प्रमाण म्हणजे 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ. टोमॅटोच्या किंवा भाजीच्या सॉससाठी ते उत्तमच आहे. पण काचो ए पेपेसाठी एवढ्या पाण्यात पिष्ट फारच विरळ होतं. दोघांसाठी 200 ग्रॅम पास्ता घेत असाल तर पाणी सव्वा ते दीड लिटरच घ्या. मीठही कमी करा, लिटरला 6 ते 7 ग्रॅम. पेकोरिनो खारट असतो, आणि पाणी आटवून सॉसमध्ये जाणार आहे. नेहमीएवढं मीठ घातलं तर शेवटी पदार्थ तोंडात धरवत नाही, आणि तो दुरुस्त करायला जागाच उरत नाही.

पास्त्याच्या पाकिटावर ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ असं लिहिलेलं असायला हवं. इटलीत विकायच्या सुक्या पास्त्याला ड्युरम गव्हाचाच रवा वापरायचा हे 1967 पासून कायद्यानं ठरलेलं आहे. हा गहू आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडचा बन्सी गहू ड्युरमच, आणि बन्सी रव्याचा पिवळसर रंग आणि कणखरपणा त्यातूनच येतो. मैद्याचा पास्ता या पदार्थांना चालत नाही. तो पाण्यात पिष्ट भरपूर सोडतो हे खरं, पण स्वतः मऊ पडतो आणि शेवटची दोन मिनिटं कढईत परतणं त्याला सोसत नाही. जमलं तर पृष्ठभाग खरखरीत, पीठ भुरभुरल्यासारखा दिसणारा पास्ता घ्या. तो पितळी किंवा काशाच्या साच्यातून काढलेला असतो, त्याला सॉस धरतो आणि पाण्यात पिष्टही जास्त उतरतं. चकचकीत गुळगुळीत पास्ता टेफ्लॉनच्या साच्यातला असतो. तोही चालतो, फक्त पाणी आणखी थोडं कमी घ्यायचं.

तीन सवयी इथंच सोडा. पाण्यात तेल घालू नका, ते पास्त्यावर बसतं आणि सॉस घसरतो. शिजलेला पास्ता गार पाण्याखाली धुऊ नका. हाका नूडल्ससाठी ते ठीक आहे, इथं तुम्ही सॉसचा अर्धा जीव मोरीत सोडता. आणि पास्ता आधी शिजवून, तेल चोळून, पाहुणे येईपर्यंत चाळणीत ठेवू नका. इटालियन घरात पाणी उकळत ठेवलेलं असतं आणि स्वयंपाक करणारा माणूस ओरडून विचारतो, ‘बुत्तो ला पास्ता?’, म्हणजे ‘टाकू का पास्ता?’ सगळे टेबलाशी यायला लागले की मगच पास्ता पाण्यात पडतो. आपण पानं घेतल्याशिवाय फुलका तव्यावर टाकत नाही, तसंच.

चीज. काचो ए पेपेचा चीज म्हणजे पेकोरिनो रोमानो. मेंढीच्या दुधाचा, घट्ट, खारट आणि किंचित तिखट. नाव रोमानो असलं तरी आज त्याचं बहुतेक उत्पादन सार्डिनिया बेटावर होतं. शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: अस्सल पेकोरिनो रोमानोचं दूध कोकराच्या जठरातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विकरानं, विरजतात, आणि पार्मिजानो रेज्जानोचं वासराच्या. नियमच तसा आहे, त्याला पर्याय चालत नाही. त्यामुळे ‘मांस नाही म्हणजे शाकाहारी’ हा हिशेब या दोन्हींना लागू पडत नाही. भारतात सूक्ष्मजीवजन्य रेनेट वापरलेले, हिरव्या ठिपक्याचे कठीण, जुनवलेले चीज मिळतात, ते वापरा. ते गाईच्या किंवा म्हशीच्या दुधाचे आणि कमी खारट असल्यानं पाण्यातलं मीठ पुन्हा लिटरला 9-10 ग्रॅमवर न्या. चव रोमची येणार नाही, पण पदार्थ चांगला होईल.

चीज कोणताही असो, वडी घ्या आणि घरी किसा. किसून विकलेल्या चीजला दाणे चिकटू नयेत म्हणून सेल्युलोज किंवा पिष्टाची भुकटी लावलेली असते, त्यानं सॉस वाळूसारखा लागतो. किसणी शक्य तितकी बारीक हवी. किस इतका हलका पडायला हवा की चिमटीत घेतला तर बर्फासारखा विरावा. जाड किसणीचे लांब तुकडे वितळायला वेळ घेतात, तोवर बाहेरचा भाग तापून गोळा झालेला असतो. फ्रिजमधून काढल्या काढल्या किसा, पण वापरताना किस खोलीच्या तापमानाला आलेला असू द्या.

मिरी. दोघांसाठी दीड चहाचा चमचा अख्खी काळी मिरी. कोरड्या कढईत मंद आचेवर मिनिटभर, वास सुटेपर्यंत शेका आणि खलबत्त्यात भरड कुटा. मिक्सरमध्ये पूड करू नका. काही दाणे अर्धे फुटलेले, काही चुरा झालेले असे हवेत. इथं एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. रोम आणि मिरीचं नातं भारतातूनच जातं. मलबारची मिरी केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरिस बंदरातून रोमन जहाजांनी जात असे, आणि सम्राट डोमिशियनच्या काळात, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोममध्ये मिरी-मसाल्यांची वेगळी कोठारं बांधली गेली. त्यांचे अवशेष फोरम या प्राचीन रोमच्या मुख्य चौकाजवळच्या मॅक्सेन्शिअसच्या बॅसिलिकाखाली आहेत.

आता कृती, दोघांसाठी. स्पागेत्ती किंवा तोन्नारेल्ली 200 ग्रॅम, पेकोरिनो 100 ग्रॅम, मिरी वर सांगितल्याप्रमाणे. तोन्नारेल्ली म्हणजे चौकोनी काप असलेले जाडसर ताजे शेवये. नसतील तर स्पागेत्तीच घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

पास्ता टाका. पाकिटावर 10 मिनिटं लिहिली असतील तर पाण्यात 8 मिनिटंच ठेवायचा. दरम्यान शेकलेल्या मिरीतली पाऊण मिरी पसरट कढईत घ्या. पाचव्या मिनिटाला पास्त्याचं दोन डाव पाणी तिच्यात ओता आणि मध्यम आचेवर उकळू द्या. मिरीचा अर्क पाण्यात उतरतो आणि पाणीही आटून दाट होतं. त्याच वेळी आणखी एक डाव पाणी वाटीत काढून बाजूला ठेवा, ते निवायला हवं.

निवलेलं पाणी हे या सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे. 65 अंश सेल्सिअसच्या आसपास चीजमधली प्रथिनं एकमेकांना पकडू लागतात. उकळतं पाणी थेट किसावर ओतलं की खेळ तिथंच संपतो. बोट घालून क्षणभर ठेवता येईल इतपत, म्हणजे 50 अंशांच्या जवळपास पाणी निवलं की चमचा-चमचा किसात घाला आणि घोटा. आधी कोरडा चुरा होईल, मग माती मळल्यासारखा गोळा, मग इडलीच्या पिठापेक्षा थोडी घट्ट पेस्ट. तिथं थांबा. पेस्ट पातळ केलीत तर पुढं आटवावी लागेल, आणि चीज घातल्यावर आटवणं म्हणजे फाडणंच.

8 मिनिटं झाली की पास्ता चिमट्यानं उचलून ओलाच कढईतल्या मिरीच्या पाण्यात टाका. चाळणीत ओतू नका. मोठ्या आचेवर दीड ते दोन मिनिटं सतत हलवत शिजवा, लागलं तर पाणी घाला. शेवटी तळाशी तीन-चार मोठे चमचे दुधाळ, पिठाळ पाणी उरायला हवं. कढई तिरकी केली की ते सावकाश वाहिलं पाहिजे, पाण्यासारखं पळता कामा नये.

गॅस बंद करा आणि कढई शेगडीवरून खाली उतरवा. नुसता गॅस बंद करून भागत नाही. आपल्याकडच्या जाड बुडाच्या कढया आणि बिडाचे तवे उष्णता बराच वेळ धरून ठेवतात. इटालियन व्यावसायिक स्वयंपाकघरांत या कामाला हलकी ॲल्युमिनियमची पसरट भांडी वापरतात, ती झटकन तापतात आणि झटकन निवतात. जाड भांडं असेल तर पास्ता सरळ दुसऱ्या, कोमट केलेल्या स्टीलच्या पातेल्यात काढा. चाळीस सेकंद ते एक मिनिट थांबा, मधून हलवत राहा. मग चीजची पेस्ट घाला आणि जोरात, न थांबता ढवळा. एका हातानं भांडं पुढं-मागं झटकायचं, दुसऱ्या हातानं चिमट्यानं पास्ता गोल फिरवायचा. याला मांतेकातुरा म्हणतात. घट्ट वाटलं तर कोमट पाणी एक-एक चमचा घाला. अर्ध्या मिनिटात पास्ता चकाकायला लागतो आणि भांड्यातून ‘चप-चप’ असा ओला आवाज येतो. हा आवाज ऐकायला शिका, तो घड्याळापेक्षा खात्रीचा आहे. सॉस किंचित पातळ असतानाच ताटलीत घ्या, कारण टेबलावर पोहोचेपर्यंत तो दाटतो. वरून राहिलेली मिरी आणि चिमूटभर किस.

हे सगळं करूनही भरवसा वाटत नसेल तर पिष्ट बाहेरून घाला. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटानं काचो ए पेपे का फाटतो याचा रीतसर अभ्यास केला, 2025 मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्याला भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते पारितोषिक, मिळालं. निष्कर्ष स्वयंपाकघरात जसाच्या तसा वापरता येतो: चीजच्या वजनाच्या 2 ते 3 टक्के पिष्ट असेल तर सॉस तापमानाचे चढउतार सोसतो. 1 टक्क्याच्या खाली गुठळ्या होतात, 4 टक्क्यांच्या वर गेलं तर निवल्यावर सॉस खळीसारखा घट्ट होतो. म्हणजे 100 ग्रॅम चीजला अडीच ग्रॅम कॉर्नफ्लोअर, साधारण एक सपाट चहाचा चमचा. तो 25 मिली पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा, खाली उतरवून त्यात 50 मिली गार पाणी घाला आणि त्यात चीज घोटा. ही पेस्ट क्वचितच दगा देते. रोममधल्या परंपरेच्या कट्टर अभिमान्यांना हे रुचणार नाही, पण नवशिक्याला मी बिनदिक्कत हेच सुचवेन. दोनदा यश आलं की हाताला अंदाज येतो आणि मग कॉर्नफ्लोअर सोडता येतं.

फाटलाच तर? सॉस नुसता कणीदार झाला असेल तर पास्ता बाजूला काढा, सॉसमध्ये दोन चमचे कोमट पिठाळ पाणी घालून हँड ब्लेंडर फिरवा, बहुतेक वेळा सावरतो. पण चीज ताणलं जाणाऱ्या लगद्यासारखं होऊन चिमट्याला गुंडाळलं गेलं असेल तर ते परत विरघळत नाही. अभ्यासकांनी या अवस्थेला ‘मोझारेला अवस्था’ असंच नाव दिलं आहे. तो लगदा काढून टाका, 30-40 ग्रॅम चीजची नवी पेस्ट करा आणि ती घाला. अशा वेळी लोक घाबरून भांडं पुन्हा आचेवर ठेवतात, ते करू नका.

ग्रिचाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण तो वगळू नका. कार्बोनाराची खरी तालीम हीच आहे. 200 ग्रॅम रिगातोनीला, म्हणजे रेघा असलेल्या आखूड नळ्यांच्या पास्त्याला, 80 ते 100 ग्रॅम ग्वांचाले. वरची कडक साल आणि मिरीचा थर काढून बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या जाड पट्ट्या कापा. कोरड्या, थंड कढईत घाला आणि मंद आचेवर ठेवा, तेल नको. तापलेल्या कढईत टाकलं तर बाहेरून करपतं आणि चरबी आतच अडकते. 8-10 मिनिटांत पांढरी चरबी आधी काचेसारखी पारदर्शक होते, मग सुटते, आणि कडा सोनेरी होतात. आतून मऊ, बाहेरून कुरकुरीत अशा वेळी मांस काढून घ्या, चरबी कढईतच राहू द्या. तिच्यात पास्त्याचं पाणी घालून कढई हलवली की चरबी आणि पाणी मिळून येतात. पुढं पास्ता, मग आचेवरून उतरवून 60 ग्रॅम पेकोरिनो. चरबीमुळे इथं चीज कमी लागतं आणि फाटण्याची भीतीही थोडी कमी असते.

ग्वांचाले मिळत नसेल तर पान्चेत्ता, म्हणजे पोटाचं मुरवलेलं मांस, चालतं. आपल्याकडे सहज मिळणारं बेकन धुरी दिलेलं असतं आणि तो वास अख्ख्या पदार्थावर चढतो. तेच वापरायचं असेल तर जाड काप घ्या, उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून निथळा, मग वापरा. डुकराचं मांस खात नसाल तर चिकन सॉसेज घालून ग्रिचा करण्यापेक्षा काचो ए पेपेच करा. इथं चरबी हाच सॉस आहे, तिला बदली नाही.

कार्बोनारा. दोघांसाठी 200 ग्रॅम स्पागेत्ती किंवा रिगातोनी, 80-100 ग्रॅम ग्वांचाले, 1 अख्खं अंडं आणि 2 पिवळे बलक, 50 ग्रॅम पेकोरिनो, भरपूर मिरी. नुसते बलक घेतले तर सॉस जड आणि चिकट होतो. नुसती अख्खी अंडी घेतली तर पांढऱ्याचे धागे पटकन सुटतात. हे मधलं प्रमाण नवशिक्याला सगळ्यात सोयीचं. अंडी फ्रिजमधून तासभर आधी काढा. अंडं, चीज आणि मिरी एका स्टीलच्या वाडग्यात घोटून घ्या, श्रीखंडाच्या चक्क्यापेक्षा थोडं सैल.

हे मिश्रण 65 ते 70 अंशांदरम्यान दाटतं आणि 75 च्या पुढं दाणे धरतं. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम दहा अंशांची फट आहे. म्हणून कढईत अंडं ओतायचंच नाही. पास्ता ग्वांचालेच्या चरबीत आणि पिठाळ पाण्यात घोळवून घ्या, आचेवरून उतरवा, अर्धं मिनिट थांबा आणि मग तो अंड्याच्या वाडग्यात घाला. वर दोन-तीन चमचे पिठाळ पाणी घालून ढवळा. पातळ राहिलं तर तोच वाडगा पास्त्याच्या वाफाळत्या पाण्याच्या पातेल्यावर धरा. वाडग्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. ढवळत राहा, दहा सेकंद धरा, उचला, बघा, पुन्हा धरा. चमच्याच्या पाठीवर सॉसचा थर बसला आणि बोट फिरवल्यावर रेघ राहिली की झालं. अंड्याच्या ताजेपणाची खात्री नसेल, किंवा घरात लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं असतील तर थर्मामीटर लावा आणि वाफेवर 71 अंशांपर्यंत न्या. चीज आणि पिष्ट सोबत असल्यामुळे सतत ढवळलं तर तिथवर ते फाटत नाही.

क्रीमचा मुद्दा उरला. क्रीम घातलं की तापमानाची फट रुंद होते, म्हणून ते सोपं वाटतं. पण अंड्याची आणि ग्वांचालेची चव त्याखाली दबते. मात्र ‘शतकानुशतकांची अस्सल पाककृती’ वगैरे म्हणून कुणावर डोळे वटारू नयेत. कार्बोनारा हा पदार्थ दुसऱ्या महायुद्धानंतरचा. 1944 मध्ये रोम मुक्त झाल्यावर दोस्त सैन्याच्या शिध्यातलं बेकन आणि अंड्याची भुकटी रोमन स्वयंपाकघरांत आली आणि त्यातून तो घडला, असं अनेक अभ्यासक मानतात. ‘ला कुचिना इतालियाना’ या मासिकानं ऑगस्ट 1954 मध्ये छापलेल्या कार्बोनारात पान्चेत्ता, लसूण आणि चक्क ग्रुयेर हे स्विस चीज होतं. पुढं क्रीमही इटलीतच आलं आणि गेलं. आजची पाच घटकांची पाककृती ही गेल्या काही दशकांत रुजलेली एकवाक्यता आहे. ती मी पाळायला सांगतो ते ती चवीला सरस आहे म्हणून.

अमात्रिचानात फाटण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे तो सगळ्यात सोपा. लात्सिओ प्रांतात डोंगरात अमात्रिचे नावाचं गाव आहे. 1927 पर्यंत ते अब्रुत्सो भागात मोडत असे. गावच्या पाककृतीत 500 ग्रॅम स्पागेत्तीला 125 ग्रॅम ग्वांचाले, 400 ग्रॅम सोललेले टोमॅटो, एक चमचा ऑलिव्ह तेल, शिंतोडाभर कोरडी पांढरी वाईन, लाल मिरचीचा तुकडा आणि 100 ग्रॅम पेकोरिनो. पास्त्याच्या एक चतुर्थांश ग्वांचाले, एवढं सूत्र लक्षात ठेवा. कांदा नाही, लसूण नाही. 2015 मध्ये एका नामवंत शेफनं दूरचित्रवाणीवर आपण लसूण घालतो असं सांगितलं तेव्हा अमात्रिचेच्या नगरपालिकेनं जाहीरपणे आपली पाककृती पुन्हा मांडली. पुढच्याच वर्षी, 24 ऑगस्ट 2016 ला, गावचा अमात्रिचानाचा वार्षिक उत्सव तोंडावर आलेला असताना भूकंपानं ते गाव जमीनदोस्त केलं. त्यानंतर इटलीतल्या कित्येक उपाहारगृहांनी अमात्रिचानाच्या प्रत्येक ताटलीमागे दोन युरो मदतीला दिले. 2020 मध्ये युरोपीय संघानं या पाककृतीला पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदणी दिली.

करताना ग्वांचाले सोनेरी झालं की वाईन घाला, वास उडाला की मांस काढून ठेवा, चरबीत टोमॅटो हातानं कुस्करून घाला आणि 12-15 मिनिटं शिजवा. मांस शेवटी परत घाला, नाहीतर ते रस्सा पिऊन चामट होतं. आपल्याकडचे संकरित टोमॅटो आंबट आणि पाणचट असतात, म्हणून डब्यातले अख्खे सोललेले टोमॅटोच बरे. साखर घालून आंबटपणा झाकू नका, पाच मिनिटं जास्त शिजवा. अमात्रिचेत स्पागेत्ती, रोममध्ये बहुतेकदा बुकातिनी, म्हणजे आतून पोकळ स्पागेत्ती.

आता जेवणाबद्दल. पास्ता हा प्रीमो, जेवणाचा पहिला मुख्य भाग. त्यानंतर सेकोन्दो, म्हणजे मांस किंवा मासा, आणि बाजूला कोन्तोर्नो, म्हणजे भाजी किंवा सॅलड, असा रीतसर क्रम आहे. पण रोज दुपारी घरी कुणी एवढं सगळं करत नाही. एका माणसाला 80 ते 100 ग्रॅम कोरडा पास्ता, मागून हिरवी पालेभाजी किंवा सॅलड आणि एखादं फळ, एवढ्यात जेवण होतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: एका ताटलीत सगळं यावं अशी अपेक्षाच नसते. म्हणून काचो ए पेपेत मटार, मशरूम, ढोबळी मिरची घालून त्याला ‘पूर्ण आहार’ करायला जाऊ नका. भाजी वेगळी करा, नंतर खा. ताटलीला उरलेला सॉस पावाच्या तुकड्यानं पुसून खातात, त्याला स्कार्पेत्ता म्हणतात. घरात आणि साध्या खाणावळीत ते बिनधास्त चालतं. जेवणानंतर कॉफी हवी तर एस्प्रेसो. कापुचिनो सकाळचा, दूध जड म्हणून.

रोमन स्वयंपाकाला आठवड्याचंही एक वळण आहे. गुरुवारी न्योक्की, म्हणजे उकडलेले छोटे पिठाळ गोळे, शुक्रवारी मासा, शनिवारी त्रिप्पा, म्हणजे गाईगुरांच्या जठराचा टोमॅटोतला रस्सा. शुक्रवार मासा तो कॅथलिक उपासामुळे, आणि आदल्या दिवशी पोटभर बटाट्याची न्योक्की त्याच हिशेबानं. त्रिप्पाचा संबंध तेस्ताच्चो भागातल्या जुन्या कत्तलखान्याशी लावतात. तो 1975 मध्ये बंद झाला. चांगलं मांस श्रीमंतांकडे जाई, आतडी, शेपटी, गाल हा ‘पाचवा चौथाई’ कामगारांच्या वाट्याला येई, आणि त्यातून त्या वस्तीचं स्वयंपाकघर उभं राहिलं. काही खाणावळी आजही गुरुवारी फळ्यावर खडूनं न्योक्की लिहितात.

पाहुण्यांसाठी करायचं असेल तर एक शेवटची सूचना. काचो ए पेपे आणि कार्बोनारा एका वेळी चारजणांपेक्षा जास्त लोकांसाठी करू नका. पास्त्याचा ढीग वाढला की आतला भाग तापलेला राहतो, वरचा निवतो, आणि एकाच भांड्यात अर्धा सॉस फाटतो तर अर्धा गोठतो. आठजण असतील तर चीजची पेस्ट एकदम करून ठेवा आणि पास्ता दोन घाण्यांत काढा. ताटल्या गरम पाण्यातून काढून पुसून ठेवा, गार ताटलीवर हा सॉस दोन मिनिटांत थिजतो. दहाच्या वर माणसं असतील तर अमात्रिचाना करा. रस्सा सकाळीच करून ठेवता येतो, संध्याकाळी फक्त पास्ता टाकायचा राहतो.